चंद्राची गोळी

पाचव्या नंबरची नर्स बोलायला उठली, तेव्हा बेबीनंदा सिस्टरच्या हातातल्या कागदाला घामाची बोटं उमटली. तिचा नंबर सातवा होता.

जालन्यातल्या त्या सभागृहात समोर मोठा पडदा लावला होता आणि पडद्यावर दिल्लीची माणसं बसलेली होती. आजार होण्याआधीच, किंवा वाढण्याआधीच, लोकांना शहाणं करायचं, असा देशभराचा नवा कार्यक्रम ठरत होता. त्यासाठी गावात काम करणाऱ्या नर्सेसनी तीन-तीन मिनिटं अनुभव सांगायचे होते. तिचा अनुभव तालुक्याच्या साहेबांनी कालच लिहून दिला होता. ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली माझ्या उपकेंद्रात रक्तदाबाच्या शंभर टक्के रुग्णांना गोळ्यांचे कार्ड समजावले.’

“वाच अन् मोकळी हो,” शेजारी बसलेली मीना सिस्टर कुजबुजली. “तीन मिनिटं तर हायेत. लगीनसुद्धा याच्याहून जास्त टाइम खातंय.”

बेबीनंदाला हसू आलं नाही. तिच्या पर्समध्ये ते कार्ड होतं. दोन रकाने. एकात सूर्य आणि त्याखाली पांढरी गोळी, दुसऱ्यात चंद्रकोर आणि त्याखाली पिवळी गोळी. सकाळची आणि रात्रीची. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल, असं ते कार्ड वाटताना सांगितलं होतं, आणि तिलाही ते पटलं होतं.

बावीस वर्षं ती नर्स होती. कुंभार पिंपळगावच्या पुढं, डांबरी रस्ता संपतो तिथलं उपकेंद्र तिचं. तिनं बाळंतपणं केली, लसी टोचल्या, पुराच्या पाण्यातून डोक्यावर डबा धरून चालत गेली. साप निघालेल्या खोलीतही ती घाबरली नव्हती. घाबरायला ती गेल्या श्रावणात शिकली.

श्रावणात तिच्याच रक्तदाबाच्या यादीतल्या नंदाबाईंना लकवा झाला. साठीच्या, कामाला वाघीण असलेल्या बाई. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. संभाजीनगरच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर बेबीनंदा भेटायला गेली आणि सवयीनं गोळ्यांचा डबा उघडून पाहिला. पांढऱ्या गोळ्या बराबर संपलेल्या होत्या. पिवळ्या जवळजवळ तशाच होत्या.

“ह्या का न्हाई घेतल्या, मावशी?”

नंदाबाईंनी खूप वेळ लावून, एकेक शब्द ओढत सांगितलं, “आभाळच हटलं न्हाई ना, बाई.”

आधी तिला काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती बाजेच्या कडेवर खाली बसली. चंद्राच्या चित्राची गोळी, म्हणजे चंद्र पाहून घ्यायची गोळी. संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय घास घेत नाहीत, तशी. संकष्टीला आभाळ असलं तर पंचांगात चंद्रोदयाची वेळ तरी असते. बाकीच्या दिवशी कुणाला विचारणार? शुक्ल पक्षात सारं ठीक चाललं होतं. वद्यात चंद्र रोज उशिरा, अंगणात वाट पाहता पाहता डोळा लागायचा. अमावास्येला गोळी नाहीच. आणि श्रावणात तर आभाळ भरलेलंच.

बेबीनंदाच्या घरी चतुर्थी कुणी धरत नव्हतं. माहेरी, भोकरदनकडं, पौर्णिमेला विहारात जायचं, एवढीच तिची चंद्राशी ओळख. चंद्र म्हणजे तिच्या लेखी रात्र. ‘कळलं का?’ असं तिनं नंदाबाईंना विचारलं होतं. ‘हो’ म्हणून त्यांनी मान हलवली होती. कार्डं वाटली त्या सकाळी तिनं अशा चाळीस माना हलताना पाहिल्या आणि रजिस्टरात चाळीसदा ‘समजावले : होय’ लिहून खाली सही केली. ‘तुम्ही कशी घ्याल ते मला सांगा,’ असं एकीलाही विचारलं नाही.

पुढच्या आठ दिवसांत ती दारोदार फिरली. दोन गोळ्या चालू असलेल्या त्या चाळीस जणांत आणखी आठ बायका चंद्राची वाट पाहत होत्या. तिनं सगळ्यांना सांगितलं, पिवळी गोळी रात्रीच्या भाकरीबरोबर. आणि मग ती गप्प बसली. नवरा तातेराव शाळेत मास्तर, त्याला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, “सही तुझी हाय, बेबी. कार्ड काढणाऱ्याची न्हाई.”

आता तेच कार्ड देशभर जाणार होतं. सकाळीच पडद्यावर ते दाखवलं होतं, सूर्य आणि चंद्र, झकास रंगात.

“सिस्टर बेबीनंदा.”

ती उठली. पहिल्या रांगेत साहेब मान वळवून, ‘जल्दी’ अशी खूण करत होते. तिनं कागद उघडला, पहिली ओळ डोळ्यांनी वाचली, आणि तोंडातून वेगळंच आलं.

“साहेब, या कार्डामुळं माझी एक बाई लुळी पडली.”

पुढचं ती भडाभडा बोलली; पडद्याशेजारचा दुभाषी मागोमाग हिंदीत सांगत गेला. चंद्र, संकष्टी, वद्य पक्ष, आठ बायका. मध्येच मीनानं खालून तिच्या पदराचं टोक धरलं. ओढायला की आधार द्यायला, कोण जाणे.

पडद्यावरचे एक गृहस्थ पुढं झुकले. “सिस्टर, रजिस्टर में तो लिखा होगा कि समझाया है?”

“हाँ सर. मैंने ही लिखा है.” मग ती पुन्हा मराठीवर आली. “म्हणूनच सांगते. चित्रं वरून येतात, आम्ही वाटतो आणि होय लिहितो. हे शिकवायचं काम आमच्याकडून करून घेता, तर ठरवायलाही आम्हाला बसवा. पुढं बसवा. छापायच्या आधी दहा घरी आम्ही विचारून येऊ. लोक कुठं चुकतात ते आम्हाला दिसतंय. मला उशिरा दिसलं.”

पडद्यावरच्या एका बाईंनी काहीतरी टिपलं. कार्ड सध्या थांबवू, म्हणाल्या; समितीत नर्सेस घेण्याचं बघू, म्हणाल्या. मग आठवा नंबर पुकारला गेला.

बाहेर साहेब आले. चिडलेले नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटली. “सोमवारी लेखी खुलासा आणा, सिस्टर. सही तुमची आहे, हे तुम्हीच सांगितलंय.”

खुलासा म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे कुणीतरी नंदाबाईंच्या दारात जाऊन विचारणार. बस गावाजवळ येईतो तिला एवढंच कळत होतं की त्या चौकशीवाल्याच्या आधी आपण तिथं पोचलं पाहिजे.

नंदाबाईंचे मालक भुजंगराव अंगणात तुरीच्या काड्या मोडत होते. “या बाई. बघा ना, अजून हात उचलून न्हाई राह्यली. गोळ्या विसरायची म्हातारी. पोरगं ओरडलं, मी ओरडलो, सारं गाव बोलून राह्यलं. येडीच ती!”

बाजेवर नंदाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

बेबीनंदा उभीच राहिली. बसलं तर सांगणं होणार नाही, हे तिला माहीत होतं. “मामा, त्या विसरल्या न्हाईत. कार्डावर होतं तसंच केलं त्यांनी. चित्र चुकीचं होतं, अन् गोळी कशी घेणार, ते मी त्यांना बिलकुल विचारलं न्हाई. चूक माझी.”

काडी मोडण्याचा आवाज थांबला. भुजंगराव तिच्याकडं पाहत राहिले. त्यांच्या हातातली काडी, दारात टेकलेली कुऱ्हाड, फाटकापर्यंतचं अंतर, सगळं तिला एकाच वेळी दिसलं.

“कागदावर लिहून देशाल हे?”

“सोमवारी देणारच हाय.”

ते पुन्हा काड्या मोडू लागले. पुढं काय होईल, हे तिला ना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, ना साहेबांच्या.

बाजेवर हालचाल झाली. नंदाबाईंनी डाव्या हातानं अंग ओढत ओढत तोंड इकडं वळवलं. वाकड्या ओठांतून शब्द यायला वेळ लागला. पण त्या बेबीनंदाशी बोलत नव्हत्या, नवऱ्याकडं पाहत होत्या.

“मंग... मी येडी न्हाई.”