मनुबाईच्या बाटल्या

बोर्लीहून खाडीकडे उतरलं की कोळीवाड्याच्या टोकाला मनुबाईचं घर लागे. नवऱ्याला दर्यानं नेलं तेव्हापासून ती सुकी मासळी विकायची आणि जोडीला जुन्या बाटल्या उजळायची. कुणाच्या माळ्यावरच्या, कुणाच्या जाळ्यात आलेल्या, आतून दुधाळ झालेल्या बाटल्या लोक तिच्या ओटीवर आणून ठेवत. ती त्या राखेच्या कोमट पाण्यात भिजत घाली, मग आत तांदळाची कणी आणि बारीक वाळू टाकून खळाखळा हलवी, शेवटी आमसुलाच्या पाण्यानं विसळी. तरी धुकटपणा राहिलाच तर आतून खोबरेल फिरवी, की काच नव्यासारखी दिसे. तिच्या हातची बाटली घरात असणं ही आसपासच्या गावांत मिरवायची गोष्ट होती.

एकतीस सालच्या पावसात खाडीच्या तोंडावरची पडकी वखार ढासळली. तिच्या जोत्यात गाडलेली एक पेटी भिकू तांडेलाला सापडली. आत जाड बुडाच्या हिरव्या बाटल्या होत्या, लाखेनं बुचं बंद केलेल्या. तळाशी पांढरा कडक थर.

"मीठ असंल जुनं," भिकू पेटी मनुबाईच्या ओटीवर ठेवत म्हणाला.

मनुबाईनं हुंगून बघितलं. कसलाच वास नव्हता.

तिची लेक केसर खाडीपलीकडच्या गावात दिली होती. नुकतंच तिचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं होतं. तिच्या काढ्यासाठी मनुबाईनं एक बाटली घाईघाईनं उजळली. तळाचा नखाएवढा पांढरा डाग तेवढा निघेना. तो तसाच ठेवून तिनं बाटली भिकूच्या होडीतून धाडून दिली.

बाकीच्या बाटल्या मात्र ती परसात सवडीनं घेऊन बसली. धुण्याचं पाणी माडाच्या बुंध्याशी ओतलं. तिथल्या डबक्यावर कोंबड्या जमल्या. दुपारी त्या माना टाकून पडल्या, एकेक करून.

"कुनाची तरी नजर लागली गो," शेजारची भागुबाई म्हणाली. मनुबाईलाही तसंच वाटलं. तिनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि पुन्हा बाटल्या घासायला बसली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांची आग व्हायला लागली, कातडी सोलवटून निघाली. मग शेजारची शेळी त्याच माडाखाली पाय ताणून पडलेली दिसली. आता मात्र मनुबाईला त्या धुण्याच्या पाण्याचा संशय आला. पांढऱ्या थराचा खडा पानात गुंडाळून ती बोर्लीला हरेश्वर वैद्यांकडे गेली.

वैद्यांनी कणभर घेऊन निखाऱ्यावर टाकला. पांढरा धूर उठला आणि लसणीचा उग्र वास सुटला. वैद्य नाकाला उपरणं लावून तिला ओढतच अंगणात आले.

"सोमल आहे हा, मनुबाई! जहर! कोणाला दिल्यास या बाटल्या?"

"कुनालाच न्हाय अजून," ती म्हणाली, आणि पदर खोचत वळली. "येक केसरला धाडलीय. काढ्याला."

ती तशीच खाडीवर आली. ओहोटी होती, होडी चिखलात रुतलेली. "भरती येऊ दे, मी सोडतो," भिकू म्हणाला. ती थांबली नाही. मांडीएवढ्या चिखलातून, धारदार कालवांनी पाय कापत ती पलीकडे गेली.

केसरच्या दारात लिंबं कापून टाकलेली होती. आत केसर भिंतीकडे तोंड करून निजली होती, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. तिची सासू नीराबाई उशाशी बसून वाटीत काढा ओतत होती. त्याच हिरव्या बाटलीतून.

"बरं झालं आलात, विहीणबाय. पोरीच्या पोटात काय ठरत न्हाय. भगत म्हनतो, खाडीवरची बाधा हाय. मी काढा मात्र चुकवत न्हाय. गरम गरम भरून ठेवते तुमच्या बाटलीत, दोन येळा पाजते."

मनुबाईनं वाटी हातानं उडवली.

"याड लागलं का तुमाला?" नीराबाई ओरडली.

"त्यात जहर हाय, विहीणबाय. माज्या बाटलीत. मीच धाडलं."

नीराबाईनं हातातली बाटली खाली ठेवली. बाळ रडत होतं.

वैद्यांनी दूधतुपावर केसरला जगवलं. बाळाला अंगावरचं तोडून शेळीच्या दुधावर ठेवलं, तेही वाचलं. पण केसरच्या पायांतली जाणीव गेली ती परत आलीच नाही. ती भिंत धरून चालायची. एकदा चुलीतला निखारा तिच्या पावलावर पडला. जळल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं.

मनुबाईनं उरलेल्या बाटल्या माळावर खोल पुरल्या आणि वर धोंडे रचले. जुन्या काचेला ती पुन्हा शिवली नाही. सुकी मासळी घेऊन मात्र ती लेकीकडे जात राहिली. नीराबाई मासळी ठेवून घ्यायची, चहा द्यायची, बोलायची नीट. पण टोपलीतला एक बोंबील आधी मांजरीपुढे टाकायची आणि तिच्याकडे बघत उभी राहायची. मनुबाईही शेजारी उभी राहून मांजरीकडेच बघत असायची.