न चावलेली चप्पल

शाहूवाडी तालुक्यातल्या पिराजीला दोन गोष्टींचा अभिमान होता: आपलं भाताचं शेत आणि आपले पाय. शेतं इतरांचीही बरी होती. पायांना मात्र तोड नव्हती. काटा मोडला तरी गडी हूं की चूं करत नसे. लोक म्हणायचे, दगड हाय माणूस. पिराजीला ते ऐकून बरं वाटायचं. दगडाला काही कळत नाही, हे म्हणणाऱ्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

गेल्या वैशाखात पुतण्या यशराजचं लग्न कोल्हापुरात झालं. त्यासाठी पिराजीने नवी करकरणारी चप्पल घेतली. नवी कोल्हापुरी चप्पल चावते, हे इकडे कुणी कुणाला सांगत बसत नाही. तिला तेल पाजतात, आठ दिवस घरातल्या घरात लंगडतात, मग ती आपली होते. पिराजीने तिला तेल दाखवलंसुद्धा नाही. दुकानातून थेट मांडवात गेला, दिवसभर पंगती वाढल्या, वरातीत नाचला आणि शेवटी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "एकदाबी चावली न्हाई. चप्पल असावी तर अशी!"

तीन पाहुण्यांनी दुकानाचा पत्ता घेतला. तिघांनाही चपला चावल्या. एकाचा अंगठा असा सोलवटला की त्याने फोन करून पिराजीचा यथास्थित उद्धार केला.

"पाय नाजूक हाईत तुमचं, पावणं," पिराजी शांतपणे म्हणाला. "चपलीला कशाला नावं ठेवता?"

हीच गोष्ट तो गावातल्या आशा सेविका क्रांतीला रंगवून सांगत होता. ती त्याच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्या द्यायला आली होती. साखर आठ वर्षांची, गोळ्या आठवण होईल तेव्हाच्या. क्रांती आधी हसली, मग एकदम थांबली.

"काका, तिघांस्नी चावली आन् तुमालाच कशी न्हाई? पाय वर करा बघू."

अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात चिंचोक्याएवढी जखम होती. कडा पांढऱ्या पडलेल्या, आत ओल. पिराजीने ती शेजाऱ्याची असल्यासारखी न्याहाळली.

"ही कवा झाली?" त्याने विचारलं.

बायको झुंबरबाईने कपाळाला हात लावला. "आवं, पाय तुमचा हाय. आमाला इचारताय व्हय?"

क्रांतीने तिथूनच फोन लावला. राजारामपुरीत एक दवाखाना होता, फक्त पायांचा. कुणाची चिठ्ठी नको. साखरेचे कागद आणा आणि पायात घालता ती चप्पल आणा, असं तिकडून सांगितलं.

"पायाला येगळा डॉक्टर?" पिराजीने विचारलं.

"दाताला येगळा हाय, तवा कधी इचारलं न्हाईसा."

दुसऱ्या दिवशी नवराबायको एसटीने कोल्हापुरात आले. पिराजीने चप्पल पुसून पिशवीत घेतली होती.

डॉक्टर अदिती वयाने त्याच्या लेकीएवढी होती. तिने पावलावरची नाडी बघितली, बोटांच्या फटी बघितल्या, टाच उचलून बघितली.

"या भोवरीवर ब्लेड कुणी चालवलं?"

"मीच की. दाढी करून उरतंय, तेच."

डॉक्टरने नायलॉनचा बारीक दोरा घेतला. "डोळे मिटा, काका. दोरा टोचला की हो म्हणा."

पिराजीने डोळे मिटले. परीक्षेत नापास व्हायचा त्याचा विचार नव्हता. थोड्या थोड्या वेळाने तो ठासून "व्हय" म्हणत गेला. समोर बसलेल्या झुंबरबाईचा चेहरा उतरत गेला.

"शेवटच्या चार वेळा मी दोरा लावलाच नव्हता, काका," डॉक्टर म्हणाली.

मग तिने सरळ सांगितलं. साखरेने पायाच्या नसा निकामी केल्या होत्या. चप्पल चावत होती, त्याला कळत नव्हतं. जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर ते थांबेलच असं नाही.

पिराजी घाबरला. चिखलात अंगठा रोवूनच माणूस बांधावर चढतो. अंगठ्याशिवायचं शेत त्याला डोळ्यांसमोर आणता येईना.

डॉक्टरने मेलेली कातडी कापून काढली, जखम धुऊन पट्टी बांधली. पिराजीला काहीच दुखलं नाही. दुखलं नाही याचं त्याला जन्मात पहिल्यांदा वाईट वाटलं.

नऊ आठवडे दर मंगळवारी एसटी, राजारामपुरी, नवी पट्टी. गोळ्या रोज. ब्लेड बंद. पायात जखमेवर भार येऊ न देणारा, डॉक्टरने करवून दिलेला बूट, जो बघून गाव हसलं. त्या साली रोपलावण दुसऱ्यांनी केली आणि पिराजी बांधावर खुर्ची टाकून त्यांच्या चुका काढत बसला. लावणाऱ्यांना जखम परवडली, खुर्ची नको असं झालं.

अंगठा वाचला. पायाला कळायला मात्र लागलं नाही, आणि लागणारही नाही, हेही डॉक्टरने सांगितलं. म्हणून रोज सकाळी पाय बघायचे. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरच्यांनी बघायचे.

आता सकाळचा चहा झाला की झुंबरबाई त्याचे पाय मांडीवर घेते. फटी पुसते, तळव्यावरून हात फिरवते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण एवढा वेळ ते दोघं कधी गप्प बसले नव्हते. परवा ती म्हणाली, "लौकर उठलाईसा. माझं हुईस्तवर डोळं मिटून पडा की जरा."

"नगं," पिराजी म्हणाला. "डोळं मिटलं की तुजा हात हाय का न्हाई, कळत न्हाई मला."