पोळ्याचं आवतण

सन १९५७. मी वीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीतच सुटली होती, पण मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे.

धाकट्या बहिणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात, नाल्यापलीकडच्या गावात झालं. आमच्या पांढऱ्या बैलाची माय तो वासरू असतानाच मेली होती. बहिणीनंच चिंधी दुधात भिजवून, त्याच्या तोंडात धरून त्याला जगवला. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदशेकणी होते. खांद्याला लोणी-हळद चोळायची अन् म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." एकदा आवतण दिलं की पोळा होईस्तोवर बैल जुंपत नाहीत. आमच्या घरी हे आवतण दरसाल तीच द्यायची. सासरी जाताना एवढंच म्हणाली, "दादा, माह्याशिवाय नोको देजो."

खांदशेकणीच्या दिवशी सकाळी आमची हलकी बैलगाडी, दमणी, घेऊन तिला आणायचं मी ठरवलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी गुरुजी पारावर म्हणाले, "रेडिओवर सांगून राह्यले, आपल्याकडं जोराचा पाऊस आहे. आजच घेऊन ये तिले."

"रेडिओले आमचा नाला ठाऊक आहे का, गुरुजी? आभाळ तं धुतल्यावानी आहे."

लोक हसले. मग तर मी जागचा हललोच नाही.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी बैल जुंपले, तेव्हा आईनं भाकरीसोबत लोण्याची वाटी अन् हळदीची पुडी बांधली.

"हे काऊन?"

"राहू दे," ती म्हणाली.

नाला दोन्ही काठ भरून चालला होता. पलीकडं बहीण बोचकं घेऊन उभी, बाजूला जवाई छत्री धरून. दिवसभर आम्ही दोन काठांवर बसून राहिलो. जवाई ओरडले, "साळेबुवा, तुमच्या गावात रेडिओ नाई वाटते!" मला ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं.

दिवस कलला तरी पाणी हटेना. तेव्हा आईनं ती पुडी कशाला बांधली ते समजलं. बैल सोडून काठाशी उभे केले अन् खांद्याला लोणी-हळद चोळली. पलीकडून तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले अन् आवतण दिलं. पांढऱ्यानं कान टवकारले. मान वळवून पाण्यापलीकडं बघतच राहिला. मी तोंड फिरवून घेतलं.

दमणी तिथंच सोडून बैल मोकळे घरी आणले.

आई म्हणाली, "आता तिले कशात आणशीन? बैलाईले तं आवतण झालं."

"आणतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पायी नाल्यावर गेलो. पाणी मांडीला होतं. हात धरून तिला अलीकडं आणली. मागून जवाई बोचकं डोक्यावर घेऊन आले.

"पायीच जाऊ ना, दादा."

"बस तू."

ती दमणीत बसली. मी जू उचलून खांद्यावर घेतलं. दुसऱ्या बाजूला जवाई आले अन् म्हणाले, "आमाले कोणं आवतण नाई दिलं वाटते."

"नाई," म्हटलं, "म्हणून तं जुंपलं तुमाले."

अन् चिखलातून गाव येईस्तोवर आम्ही दोघांनी ती दमणी ओढली.