सल्लागार निवडणारे काका

अमेरिकेतल्या पार्सिपनीत मराठी मंडळाच्या जेवणाच्या रांगेत मी पत्रकं वाटत होतो. अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांवरच्या लोकांना राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नाही, मग त्यांना वसाहत नाही तर काय म्हणायचं, असा सरळ सवाल त्यात होता. माझ्या पुढच्या अनोळखी काकांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, कडा जुळवून घडी केली आणि खिशात ठेवलं.

"त्यातल्याच एका बेटावरच्या आपल्या प्रशासनाला तिथल्या कारभारासाठी सल्लागार हवाय," ते म्हणाले. "माणूस शोधायचं काम आमच्या फर्मकडे आहे. सगळ्यात चांगला अर्ज तिथल्याच एका बाईचा होता. अकरा वर्षं त्याच ऑफिसात आहे. आलेल्या प्रत्येक सल्लागाराला तिनेच काम शिकवलं."

"मग तिलाच घेतलं ना?"

"छे! कालच रिजेक्ट केलं." काकांनी भाताला लागलेली कोशिंबीर चमच्याने हळूच बाजूला सारली. "तिथली भाषा येणारा माणूस तिथल्यांचं ऐकत बसतो रे."

मी रांगेतच ओरडलो, "काका, लाज वाटत नाही तुम्हाला?"

ते मुळीच चिडले नाहीत. "तू गेलायस कधी तिथे?"

"नाही."

"ओळखीचं कुणी?"

"नाही, पण..."

"सिटिझन आहेस ना? मग अप्लाय कर," ते अगदी मायेने म्हणाले. "तुझ्यासारखाच हवाय त्यांना."

काका पुढे सरकले. त्या बाईचं नाव विचारायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.