कोचचा एकुलता एक गोल

२०१९ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि कुवेतमध्ये एका इंग्रजी शाळेची बस चालवत होतो. शिक्षण चौथी पास. पास म्हणजे मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेला. पण फुटबॉलात मला कुणी शिकवायला यायचं नाही. मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेतल्या तालमीत सकाळी कुस्ती आणि संध्याकाळी फुटबॉल, दोन्हीला मातीही तीच आणि पोरंही तीच. त्यामुळं डिफेंडर व्हायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. समोरचा फॉरवर्ड आला की कमरेला हात घालायचा, एवढंच. शिट्टी वाजली तर वाजली.

शाळेच्या ड्रायव्हर, मेकॅनिक आणि स्वयंपाक्यांचा एक संघ होता. सातजणांचा खेळ, शहराबाहेर फिंतास भागात शाळेचंच छोटं मैदान. कॅप्टन गॅरेजमधला मल्याळी मेकॅनिक. माझ्या निम्म्या वयाचा, मला चाचा म्हणायचा आणि माझं काही ऐकायचा नाही. त्या संघात मी डाव्या बाजूचा बॅक. ती जागा माझी होती आणि तिथं दुसरं कुणी उभं राहिलं की मला घरात परका माणूस शिरल्यासारखं वाटायचं.

संघात एक नियम होता आणि तो मीच कोल्हापूरहून आणलेला. ज्याच्यावर समोरच्या संघातला जो माणूस सोपवला, त्या माणसानं गोल केला तर सांभाळणाऱ्यानं आपली जागा सोडायची. जो बाहेर वाट बघत बसलाय त्यानं आत यायचं. मात्र बॉल कुणाच्या अंगाला लागून चुकून आत गेला तर तो गोल कुणाच्याच नावावर नाही, तिथं नियम लागत नाही. या नियमानं मी आधी दोघातिघांना बाहेर बसवलं होतं, तेव्हा तो सगळ्यांना कडक वाटायचा. आता बाहेर वाट बघत बसला होता एक नवीन ड्रायव्हर. तरणाबांड, हरणासारखा पळणारा. कॅप्टन त्याच्याकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. ते बघणं मला कळत होतं. एकदा माझा माणूस गोल करून गेला की मी कायमचा खलास.

आता कोच. हा शाळेचा खेळाचा मास्तर, इंग्रज, उंच, टकलू, नाक दोन ठिकाणी वाकडं. पोरांना घरी सोडून झालं की रिकाम्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून माझ्याशी बोलत यायचा. त्याचं इंग्रजी आणि माझं हिंदी, पण ऑफसाइड दोन्हीकडं ऑफसाइडच, त्यामुळं अडलं नाही.

हा गडी जन्मभर इंग्लंडात डिफेंडर म्हणून खेळलेला. पण टीव्हीवर दिसतात त्या क्लबांत नव्हे. त्याच्या कितीतरी पायऱ्या खाली, जिथं गावाचं नाव सांगितल्यावर इंग्रज माणूसच विचारतो, हे कुठं आलं. उन्हाळ्यात खेळ बंद असला की घरांना रंग द्यायचा. आधी एका गावाकडून खेळला, मग शेजारच्या गावाकडून. त्या दोन गावांचं हाडवैर, तेव्हा पहिल्या गावात त्याच्या भावाला कुणी पाव विकेना. मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हटलं, इंग्लंडातही पेठा आहेत तर.

एकदा मोठ्या क्लबाविरुद्ध सामना पडला आणि याच्यावर त्यांचा नामांकित फॉरवर्ड सोपवला. सामना संपल्यावर तो फॉरवर्ड याच्याजवळ येऊन म्हणाला, "माझ्या पायावर पाय ठेवून उभा होतास तो तूच का?" कोच म्हणायचा की त्याच्या उभ्या आयुष्यात झालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

पण गोल? एकही नाही. एवढी वर्षं खेळून समोरच्या जाळ्यात एकदाही बॉल गेला नाही. स्वतःच्या जाळ्यात गेला, तो धरायचा नाही. याचा पाय मैदानाच्या मध्यावर पडला की त्याच्याच गावचे लोक "मार! मार!" म्हणून ओरडायचे आणि हसायचे. एकदा खरंच आत गेला, तर लाइनमननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. त्या लाइनमनच्या मिशा कशा होत्या ते कोच अजून कागदावर चितारून दाखवू शकत होता.

डावपेचांवरून मात्र आमची जुंपायची. तो सांगायचा, कॉर्नरच्या वेळी समोरच्याच्या बुटाच्या लेसवर हळूच पाय द्यावा. मी सांगायचो, लेस? आम्ही अनवाणी खेळायचो. आमच्यात फॉरवर्डच्या कानात सांगायचं, "अरे, तुझी आई डबा घेऊन आलीय, ती बघ कोपऱ्यात." तो वळून बघतो तोवर बॉल पार. कोच इतका हसला की त्यानं डॅशबोर्डवर हात आपटला आणि माझा वायपर चालू झाला.

त्या वर्षी शाळा संपली की कोच कायमचा मायदेशी जाणार होता. गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. त्याआधी मास्तर लोक विरुद्ध आम्ही, असा दरवर्षीचा शुक्रवारचा सामना आला. मास्तरांचा फॉरवर्ड म्हणजे संगीताचा मास्तर, तो तापानं पडला. कोचला मागं पळणं जमणार नव्हतं, तेव्हा त्यांनी त्यालाच पुढं उभा केला. आमच्या कॅप्टननं ते बघितलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"चाचा, वो आपका आदमी."

"त्याच्यात काय आहे? हलत पण नाही तो."

"इसलिए तो आपको दिया." आणि वर हसला.

मी राहायचो लेकीकडं, सालमियात; घरून निघताना तिनं फ्लॅटच्या दारात अडवलंच होतं. ती हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन. "आबा, पळू नका. उभं राहून खेळता येतं तेवढं खेळा."

"डिफेंडर उभाच असतो," म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

सामना सुरू झाला आणि दोन म्हातारे एकमेकांना चिकटून मैदानभर चालायला लागले. पळणं दोघांनाही नको होतं. त्यानं माझ्या लेसवर पाय दिला. मी बिनलेसचे बूट घातले होते. त्यानं खाली बघितलं आणि मान डोलावली. मग मी त्याच्या कानात म्हटलं, "कोच, प्रिन्सिपल मॅडम बुला रही है." तो वळला. खरंच वळला! तेवढ्यात बॉल निघून गेला.

"यू डर्टी ओल्ड मॅन," तो म्हणाला.

"थँक यू," मी म्हणालो.

आमच्या पोरांनी तिकडं दोन गोल मारले. सामना जिंकल्यात जमा होता. शेवटी शेवटी मास्तरांना कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला. कोचनं उडी मारली. उडी म्हणजे टाचा वर झाल्या, आणि त्याचे गुडघे कटकन वाजलेले मला ऐकू आले. मी त्याच्या पुढ्यात पाठ करून कमरेनं अडवून उभा. बॉल त्याच्या टकलावरून निसटता गेला, बाहेरच चालला होता, तो धप्पकन माझ्या पाठीवर आदळला आणि वळून सरळ जाळ्यात.

माझ्या पाठीवर. दोन्ही खांद्यांच्या मधोमध. त्याचा जाळ मला लेकीच्या घरी पोचेपर्यंत जाणवत होता.

रेफ्री गणिताचे मास्तर होते. ते म्हणाले, गोल झाला हे मी बघितलं, कुणाचा झाला ते तुम्ही ठरवा. मास्तर लोक कोचकडं बघायला लागले. कोच डोक्यावर हात ठेवून उभा होता, टेंगूळ आलंय का बघितल्यासारखा. "माझा" असं तो एकदाही म्हणाला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला. त्या मिशावाल्या लाइनमनकडं त्यानं असंच बघितलं असणार.

कॅप्टन पळत आला. "चाचा, आपको लगा ना? पीठ पे?"

त्याचं तरी काय चुकलं? मी हो म्हणालो असतो तर ती अंगाला लागून गेलेली चूक, नियम लागत नाही, माझी जागा शाबूत. बाहेर तो तरणा ड्रायव्हर आतापासून मोजे वर ओढत होता. मी त्याच्याकडं बघितलं, मग कोचकडं.

"मेरे को नहीं लगा."

"चाचा! बनियन पे गोल छाप है, पूरा बॉल का!"

"वो सुबह का है. टायर बदला था."

"टायर पीठ से बदलते हो?"

"तू मेकॅनिक है, तेरे को नहीं मालूम?"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. कॅप्टन जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "सोच लो चाचा. फिर रूल लगेगा."

"रूल माझा आहे. मला शिकवू नको. गोल कोचचा. खलास."

रेफ्रीनं कागदावर लिहिलं. आणि मग गंमत झाली. गोल केल्यावर काय करतात हे कोचला ठाऊकच नव्हतं. तो आधी चुकीच्या बाजूला पळाला. मग परत फिरला, रेफ्रीच्या गळ्यात पडला, तिथूनही सुटला आणि हात पसरून मैदानाबाहेर माझ्या बसपर्यंत गेला. दार उघडंच होतं. आत चढून त्यानं हॉर्नवर जो हात ठेवला तो काढायलाच तयार नाही. नमाजाहून परतणारे लोक रस्त्यात थांबून बघायला लागले.

संध्याकाळी त्याला घरी सोडताना तो फॉरवर्डसारखा पाय पसरून बसला होता. अर्ध्या रस्त्यात त्यानं माझ्याकडूनच उचललेल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "सच बोलो. टच हुआ?"

"नहीं."

"स्वेअर? कसम?"

"ड्रायव्हरशी चालत्या गाडीत बोलायचं नसतं. बोर्ड वाच."

बोर्ड होता इंग्रजी आणि अरबीत. तो वाचत बसला आणि हसत बसला. उतरताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी त्याच जागी. मी ओरडलो नाही. त्याला कळलं की नाही ते त्याचं तो जाणे.

घरी लेकीनं बनियन धुवायला घेतली. "आबा, हा डाग कशाचा? लॅबला पाठवू का?"

"पाठव. रिपोर्ट कॅप्टनला दाखवू नको म्हणजे झालं."

सगळी हकिकत ऐकत तिनं मलम चोळलं आणि म्हणाली, "चला, सुटला एकदाचा तुमचा खेळ." मी भिंतीकडं तोंड करून झोपलो आणि कोचच्या हॉर्नचं आठवून गालातल्या गालात हसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार, संघाचा सकाळचा सराव. मी सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचलो. डाव्या बाजूला तो तरणा ड्रायव्हर ऐटीत येऊन उभा राहिला. जागा त्याची, नियमानं मिळालेली. आमचा गोलकीपर शाळेचा आचारी, तो नेहमीसारखा झोपेत. मी डिकीतले टायर बदलायचे हातमोजे चढवले आणि जाऊन दोन खांबांच्या मधे उभा राहिलो.

कॅप्टन लांबून ओरडला, "चाचा! रूल!"

"रूल बॅकला आहे," मी म्हटलं. "गोलकीपरवर कुठला माणूस सोपवलाय? दाखव."

तो डोकं खाजवत उभा राहिला. मी मोजे एकमेकांवर आपटले, धुरळा उडाला.

"यल्ला, चला, बघत काय बसलाय? मारा."