मागच्या सीटचा दिवा

गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मी आधी गरजा लिहून काढल्या. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स जास्त हवा, कारण दरेकशाकडच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर खड्डे राहतात. सर्व्हिसिंग गोंदियातच व्हायला हवं. मायलेज चांगलं, स्टेअरिंग हलकं, स्टेपनी पूर्ण मापाची. रंग हा मुद्दा शेवटी होता आणि तो मी खोडला.

गाडी हौसेसाठी नव्हती. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या घरापासून दरेकशाच्या अलीकडे असलेल्या माझ्या शाळेपर्यंत मी कित्येक वर्षं स्कूटीने जात आले. पाठ दुखायला लागली, आणि दुखणंही विचित्र: खांद्यांच्या खाली, कोणी मागून रेलून बसल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, दुचाकी बंद करा. पॅसेंजर ट्रेनची वेळ शाळेला जुळत नाही. नवरा म्हणाला, "बदली माग. त्या जंगलात जायला कार कशाला?" पण ही शाळा मी उभी केली होती, पटावरची पोरं घरोघर जाऊन आणली होती. ती सोडायची नव्हती. त्याने अट घातली: त्या रस्त्यावर तू स्वतः चालवून दाखव. जमलं तर गाडी, नाहीतर बदलीचा अर्ज.

पहिल्या शोरूमचा सेल्समन गावातच चक्कर मारून आणणार होता. मी म्हटलं, शाळेपर्यंत. तो माझ्या बाजूला बसला आणि सालेकसा मागे पडेपर्यंत अखंड बोलत राहिला. "मॅडम, इस सेगमेंट में ऐसा पिकअप किसी का नहीं." मागची सीट रिकामी होती.

जंगलात शिरल्यावर एका वळणावर जुनं मोहाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी वाळक्या-ओल्या डहाळ्यांचा ढीग असतो. जाणारा प्रत्येक जण तिथे थांबून एक डहाळी टाकतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी पुढच्या सायकलवाल्याने टाकली म्हणून मीही टाकली, आणि तेव्हापासून रोज. गावच्या रीतीला मान द्यायचा, एवढाच हिशोब. त्या दिवशीही सवयीने उतरले, डहाळी टाकली, परत बसले.

गाडी हलली आणि टुणटुण सुरू झाली. समोरच्या पडद्यावर मागच्या डाव्या सीटचा लाल दिवा. कोणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असा त्याचा अर्थ.

"सेन्सर है मॅडम. बॅग रखी होगी."

बॅग पुढे, त्याच्याच पायाशी होती. सेल्समनने वळून मागे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि शोरूम येईपर्यंत पुन्हा मान वळवली नाही.

मी त्या गाडीपुढे लिहिलं: सेन्सरमध्ये दोष.

दुसरी गाडी दुसऱ्या कंपनीची. या वेळी नवरा सुट्टी काढून आला आणि माझ्या मागे, पट्टा लावून बसला. या शोरूमचा माणूस पुढे. त्या वळणावर मी डहाळी टाकून आले, आणि थोडं अंतर गेल्यावर तोच दिवा लागला. तीच डावी सीट. नवऱ्याच्या शेजारची.

"तुम्ही हात ठेवलाय का तिथे?" मी आरशातून विचारलं.

"नाही." त्याने मग हात ठेवला आणि लगेच उचलला. "गरम आहे."

"ऊन पडलं असेल."

ऊन माझ्या बाजूने येत होतं. हे दोघांनाही दिसत होतं. दोन वेगळ्या कंपन्या, एकच जागा, एकच दोष. माझ्या कागदावर याला रकाना नव्हता.

पुढे नाला लागतो. पुलाजवळ आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष धानाच्या बांधावर उभे होते. मला पाहून रस्त्यावर आले.

"अरे वा म्याडम, कार! बरं झालं. तुमच्या मांगंच्या बाईलेबी आराम. स्कूटीवर अवघडून बसून राहे बिचारी."

"कोणती बाई?"

"आता कोणती! रोज तं दिसे. तुमी तिच्यासंगं कधी बोलत नोहत्या. मी म्हणो, दोघीचं भांडण हाय वाटते."

नवऱ्याने काच खाली केली. "भाऊ, ही एकटीच येते."

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मलाच विचारलं, "वळणावर डहाळी टाकता ना? मंग इथं उतरवत नाही का?"

"कोणाला?"

"डहाळी टाकली म्हंजे जंगलापुरती सोबत मागितली. नाल्यावर आलं का म्हणाचं, उतर. सारेच म्हणतेत."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी तरी इचारलं का कधी? डहाळी टाकाले बऱ्या शिकल्या!"

मी खाली उतरले. लोकांसमोर असं काही करायची मला सवय नाही, म्हणून पटकन करून टाकलं. मागचं डावं दार उघडलं आणि म्हटलं, "उतरा." मोठ्यांना मी अरेतुरे करत नाही. दार लावून पुढे येऊन बसले तेव्हा पडदा कोरा होता.

परतताना मी एकच विचार करत होते: इतकी वर्षं मी नाल्यावर कोणाला उतरवलं नव्हतं. मग रोज ती कुठे उतरत होती? घरी पोचल्यावर पोर्चमध्ये उभ्या स्कूटीजवळ जाऊन मी तोच शब्द पुन्हा म्हटला. नवरा दारात उभा होता. एरवी त्याने महिनाभर चिडवलं असतं.

संध्याकाळी दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं टेबलावर पसरली. नवरा म्हणाला, "दुसरीच घे, पण खालचं मॉडेल. त्यात मागच्या सीटचा दिवा नाही."

"म्हणून काय सीट रिकामी होणार आहे?"

बदलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मी दिवा असलेलं मॉडेल घेतलं. विश्वासाची गाडी म्हणजे आत कोण आहे ते सांगणारी गाडी, हा मुद्दा मी यादीत सगळ्यात वर लिहिला.

नव्या गाडीत पहिल्या दिवशी मी मुद्दाम वळणावर थांबले नाही. दिवा लागला नाही. पण पुढच्या जंगलात मोबाईलला रेंज नसते, समोरून गाडी येत नाही, आणि काचा बंद असल्याने पाखरंही ऐकू येत नाहीत. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर मी पहिल्यांदा एकटी होते, आणि ते मला जाणवत होतं. नाल्यापर्यंत हात स्टेअरिंगवर घट्ट आवळलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून डहाळी टाकते. दार उघडून मागचा पट्टाही लावून देते, म्हणजे टुणटुण होत नाही. पाठ आता दुखत नाही. नाल्यावर गाडी बाजूला घेते, पट्टा सोडते, दार पूर्ण उघडते आणि जरा वेळ तसंच धरून उभी राहते. घाई केली तर दिवा तसाच राहतो. उतरायला तिला वेळ लागतो.