कावळ्यांची फौजदारीण

आमच्या घरात माझा धाक कुणालाच नव्हता. तिचा मात्र कावळ्यांनासुद्धा होता. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले की ती तुराटी, तुरीची वाळकी काठी, घेऊन शेजारी बसायची. कावळा समोरच्या निंबावर यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उपाशीच उडून जायचा. गल्लीतल्या बाया तिला फौजदारीण म्हणत. मीपण म्हणायचो, पण पाठीमागे. बायको होती माझी, तोंडावर म्हणायची छाती नव्हती.

मे महिन्यात आमच्या मुलाची, संजूची पोरं, गार्गी आणि सोहम, पुण्याहून आमच्याकडे यायची. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात पोरांना बघायला काय आहे? पण बिबड्यांचा दिवस चुकवत नसत. शिजलेल्या ज्वारीचा घाटा मी ढवळायचा, पोरांनी पाण्याच्या हाताने जुन्या लुगड्यावर थापायचा. सोहमचा एकही बिबडा गोल नसायचा. मी हसलो की ती मला झापायची, "हसू नका. पोटमा बठ्ठं गोलच शे." पोटात गेलं की सगळं गोलच, हा तिचा हिशोब.

पोरांचा डोळा ओल्या बिबड्यावर. कडेला कडक, मध्ये मऊ, वर मूठभर शेंगदाणे. उचलला की तुराटी आपटलीच. "वल्ला खाशात तर वरीसभर काय खाशात?" असं म्हणायची आणि मग मुद्दाम माझ्याकडे तोंड करून बसायची, म्हणजे पाठीमागे पोरांना खाता यावं. कावळ्यांना ही सवलत नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात पोरं आली त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली. जळगावला नेलं. नाकात नळी, हाताला सुई, आणि डॉक्टरला सांगते काय, "ज्वारी भिजाडेल शे."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला.

"घरी ज्वारी भिजत घातलीय म्हणते. बिबडे करायचे आहेत," मी म्हटलं.

"आजी, ज्वारी थांबेल," डॉक्टर म्हणाला.

भिजलेली ज्वारी थांबत नाही. आंबते. तिने तोंड फिरवलं. घरी आणली तोवर शाळा उघडायला आल्या होत्या, पोरं पुण्याला निघून गेलेली. रिकामी गच्ची खालूनच बघून म्हणाली, "पोरे तसाच गयात." पुढे बोलली बरंच, पण बिबड्यांवाचून पोरं तशीच गेली, माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. पोळ्याच्या आधी ती गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे होते, झाडभर होते. पण एक खाली येईना. ऊन चढलं, लोक चुळबुळायला लागले. भटजी म्हणाले, "बाईची काही इच्छा राहिली असेल, आठवा." संजू म्हणाला, "आई, आबांना आम्ही सांभाळू." कावळा हलला नाही. गार्गीने हात जोडले. तरी नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "तिले भेतस ते." लोक तोंड लपवून हसले. मलाही हसू आलं, आणि लगेच वाटलं, ही अशीच उपाशी बसून राहिली तर?

मी पुढे झालो. म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात पोरांकडून बिबडे करवून घेतो. आता शिवू दे त्याला."

कावळा आला. कुणाला खरं वाटो न वाटो, मी तिथे होतो.

यंदा पोरं आली ती उशिरा, क्लास होते म्हणे. मी न बोलता कोठीमागे ज्वारी भिजत घातली. तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास सुटला. गार्गी म्हणाली, "आबा, आजीचा वास येतोय." मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. तेवढ्यात संजू गाडीत बॅगा ठेवायला लागला.

"आबा, आजच निघतो. शाळेची खरेदी राहिलीय. बिबडे विकत मिळतात हो."

"नदीवर मी काय बोललो, तू ऐकलंस."

"ऐकलं. पण आबा..."

"तुला जायचं तर जा. पोरं उद्या गच्चीवर पाहिजेत मला. उन्हाळा तुझ्यासाठी थांबत नाही, आणि मी तरी पुढच्या वर्षी असेन का, सांग."

त्याने गाडीची डिकी पुन्हा उघडली. मग एक बॅग काढली. मग दुसरी.

सकाळी घाटा त्यानेच ढवळला. गाठी झाल्या. पोरांनी थापले, एकही गोल नाही. मी तिची तुराटी घेऊन तिच्या जागेवर बसलो. दुपारी पोरं ओले बिबडे उचलायला आली, तेव्हा मी तोंड दुसरीकडे केलं. कसं करायचं ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात निंबावरून कावळा उतरला, थेट लुगड्याच्या कडेला. सोहम ओरडला, "आबा, काठी!"

काठी माझ्या हातातच होती. मी ती खाली ठेवली.

"राहू दे," म्हटलं. "खाऊ दे त्याला."